एक घर सरकलेलं प्यादं

दार उघडलं, डोक्यावर पंखा गरगरत होता, आणि आत आलेल्या माणसाच्या हातातली फाइल सुटली. बस्, एवढंच झालं. पुढच्या क्षणाला आमच्या छापखान्याच्या पुढच्या खोलीत कागदच कागद उडत होते... एक माझ्या चहात, दोन मालकांच्या, म्हणजे काकांच्या, रिकाम्या खुर्चीत, बाकीचे कुठे कुठे.

"अहो पंखा... पंखा बंद करा ना!" तो ओरडला.

"आधी दार लावा," मी म्हणाले. "पंखा बंद केला तर मी इथेच शिजेन."

त्याने दार लावलं आणि गुडघ्यांवर बसून कागद वेचायला लागला. मीही उठले. प्रत्येक कागदावर बुद्धिबळाचा पट काढलेला, पटावर चार-सहा सोंगट्या, आणि खाली एकच ओळ: पांढऱ्याने खेळून जिंकावे. नाहीतर, पांढऱ्याने खेळून बरोबरी करावी. पानांना नंबर म्हणून नाही!

"हे कसे लावायचे आता? नंबर का नाही घातले?"

"मामा म्हणतात, रचना चेहऱ्यावरून ओळखता आली पाहिजे." मग माझ्या हाताकडे बघून तो हळूच म्हणाला, "तुम्ही उलटा धरलाय तो."

सांगते, मला राग पटकन येतो. सात वर्षं मी या टेबलावर औषधांच्या खोक्यांची लेबलं जुळवतेय. त्यात एक शून्य इकडचं तिकडे झालं तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल, आणि सात वर्षांत माझ्या हातून एकही चूक बाहेर गेलेली नाही. आणि हा मला सांगतोय, कागद उलटा धरलाय!

"बुद्धिबळ म्हणजे दोन माणसं तोंडं पाडून बसतात, तेच ना?" मी म्हणाले. "आमचे काका दुपारी जेवून तेच करतात. झोप परवडली."

"नाही, हे तसं नाही." त्याने चहाने भिजलेला कागद फुंकर मारून वाळवत माझ्यापुढे ठेवला. "हे डाव कुणी खेळलेलेच नाहीत. मामांनी रचलेत. डाव संपत आलाय, पटावर मोजक्या सोंगट्या उरल्यात, आणि जिंकायची वाट एकच आहे. दोन नाहीत, एकच. ती तुम्ही शोधायची. हे बघा, तुमचं प्यादं शेवटच्या घरात पोचलंय. काय करून घ्याल त्याचं?"

"वजीर. एवढं मलाही कळतं."

"वजीर केलात. आता काळ्याच्या राजाला शह नाही, पण त्याला हलायला घरही नाही. डाव बरोबरीत. सगळं मुसळ केरात."

"मग?"

"हत्ती करायचा."

"पदरात वजीर पडतोय आणि हत्ती घ्यायचा? डोकं फिरलंय का?"

तो हसला. गालावर बोटाएवढा ग्रीसचा डाग होता त्याच्या, आणि त्या डागासकट हसला. मी पुन्हा कागदाकडे बघितलं. हत्ती... हो की! हत्तीने राजाला एक घर मोकळं राहतं, तो तिकडे जातो आणि सापडतो. कमी घेतलं म्हणून जिंकलं. अगं बाई, मी मनात म्हटलं. किती छान आहे हे!

तोंडाने मात्र एवढंच म्हणाले, "किती पानं आहेत एकूण?"

"चाळीस," तो म्हणाला.

तो गेल्यावर माझ्या टेबलाखाली एक्केचाळिसावा कागद सापडला. त्यावर लाल शाईची आडवी फुली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला तेव्हा मी तो कागद समोर धरला. "हे काय लपवलंत?"

त्याचा चेहरा पडला. खुर्ची ओढून बसला आणि त्याने सगळं सांगितलं. तो लिफ्ट तपासायचं काम करतो. मामा भूमितीचे मास्तर होते, आता निवृत्त. लहानपणापासून हा त्यांच्याकडेच वाढला. ही त्यांची शेवटची रचना, अकरा वर्षं घासलेली. सातच सोंगट्या. पांढऱ्याचे राजा, हत्ती आणि प्यादं. काळ्याचे राजा, उंट आणि दोन प्यादी.

"तिसऱ्या चालीला कुणालाही वाटतं, राजाने पुढे धावावं. पण मामांचा पांढरा राजा एक घर मागे सरकतो. शह नाही, मारामारी नाही, धमकीसुद्धा नाही. याला शांत चाल म्हणतात. काळ्याला सगळं रान मोकळं असतं, आणि तरी त्यानंतर त्याची प्रत्येक चाल वाईटच पडते."

मी ती चाल काकांच्या पटावर करून बघितली. तो काळ्याची बाजू घेऊन माझ्याशी खेळत होता, आणि किती प्रामाणिकपणे खेळत होता! काळ्याचा उंट शेवटी स्वतःचा जीवही देतो, तेवढ्याने आपला राजा वाचेल म्हणून. मामांनी काळ्यालासुद्धा मूर्ख ठेवलं नव्हतं. मूर्खाला हरवण्यात काय मोठेपणा? सात सोंगट्यांतली एक उचलली तरी सगळं कोसळेल. कुणीतरी एका खोलीत अकरा वर्षं बसतो, आणि ते का, तर कधीच न भेटलेल्या माणसाने एकदा 'अरे वा' म्हणावं म्हणून.

"मग फुली का?"

"मी मारायला लावली." तो हातातल्या प्याद्याकडे बघत राहिला. "तपासायची सवयच आहे मला. चार महिन्यांपूर्वी बुद्धिबळ खेळणाऱ्या मशीनवर घातली ही रचना. मशीन म्हणालं, राजा मागे घ्यायची गरजच नाही. हत्तीने कडेचं प्यादं मारलं तरी पांढरा जिंकतो. दोन वाटा. दोन वाटा असल्या की रचना बाद. आणि मी शहाणा, ते जेवताना सांगितलं! मामा हसले, बरं झालं म्हणाले, आणि पट कपाटात ठेवून दिला. चार महिने झाले, काढलेला नाही. काही म्हणता काहीच रचत नाहीत. नुसते बाल्कनीत बसतात."

"मग दुरुस्त करा ना. मशीनला विचारा."

"मामांनी शपथ घातलीय. तपासायला मशीन चालेल, सुचवायला नाही. बाकीच्या चाळीस रचनांचं पुस्तक काढायलाच त्यांना कसंबसं तयार केलंय मी. ही एक सोडून." तो उठला. "शेवटचं पान रिकामं ठेवा. बघू."

रिकामं पान मला बघवत नाही. मी हट्टाने तीही रचना जुळवली.

मग तो रोज संध्याकाळी यायला लागला. मी त्याला भाचेबुवा म्हणायचे, तो मला मॅडम. तो एकेका सोंगटीचं घर मोठ्याने वाचायचा, मी पेन्सिलने खूण करायची. मधे चहा. कधी बाहेर रिमझिम असायची आणि त्याच्या शर्टाला ओल्या लोखंडाचा वास यायचा. काका आतून ओरडायचे, "चाळीस पानांना किती दिवस लावताय?" आणि आम्ही दोघंही एकदम कागदात डोकं घालायचो.

"तुम्ही खरंच कधी चुकत नाही?" एकदा त्याने विचारलं.

"सात वर्षांत एकदाही नाही. लिहून ठेवा."

"लिहून कशाला... लक्षात राहील," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघतच राहिला. पेन्सिलीचं टोक मोडलं माझं.

शनिवारी पुस्तकाची शेवटची तपासणी होती. चाळीस पानं तपासून झाली. एक्केचाळिसावं मी एकटीने बघितलं, आणि अंगावर सर्रकन काटा आला. कडेचं प्यादं कडेला नव्हतंच! पट जुळवताना रिकाम्या घराचीही एक कळ दाबावी लागते. ती मी प्याद्याआधी एकदा जास्त दाबली होती, आणि प्यादं एक घर आत सरकलं होतं. मी! मीच!

पुसायला हात गेला... आणि थांबला. आता माझ्या चुकीने या बिचाऱ्या रचनेचं काय वाटोळं झालंय ते तरी बघू, असं वाटलं. काकांचा पट घेतला. सात सोंगट्या मांडल्या. आता तीच ती दुसरी वाट: हत्तीने प्यादं मार.

मारता येईना.

उंट नेहमी एकाच रंगाच्या घरांतून फिरतो, हे तर मला आता पाठ झालं होतं. हा उंट पांढऱ्या घरांचा. कडेचं प्यादं काळ्या घरात होतं, म्हणून उंटाला ते राखता येत नव्हतं. एक घर सरकलं आणि ते पांढऱ्या घरात आलं, थेट उंटाच्या नजरेसमोर. हत्तीने मारलं की उंट हत्तीलाच मारणार. वाट बंद! आणि राजाची ती मागची चाल? तिला धक्काही नव्हता. मी दहा वेळा खेळून बघितलं.

काही न बोलता प्यादं जागेवर ठेवलं असतं, तर सात वर्षांचा लौकिक शाबूत राहिला असता. मी फोन उचलला.

"भाचेबुवा, माझी चूक झालीय," मी म्हणाले. "आणि मला वाटतं, ती दुरुस्त करू नये."

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, दोन खोल्या, भिंतीला टेकून ठेवलेला मोठा लाकडी कंपास. मामा बाल्कनीत बसले होते. उंच, सडसडीत, मांडीवर न उघडलेलं वर्तमानपत्र.

"मामा, या छापखान्यातल्या," भाचेबुवा म्हणाले. "पट काढू का?"

"कशाला?"

"यांनी तुमची रचना चुकीची छापलीय."

मामांची मान वळली. काही झालं तरी मास्तर! "चुकीची? कुठली?"

"फुलीवाली," मी म्हणाले. "कडेचं प्यादं माझ्याकडून एक घर आत गेलं. माफ करा. पण तुम्ही एकदा बघाच."

पट कपाटातून आला. त्यावरची धूळ मामांनी स्वतःच्या बाहीने पुसली. सोंगट्या मांडल्या, प्याद्याला बोट लावून ते एक घर आत घेतलं, आणि पटावर ओणवे झाले. आम्ही दोघं दारात उभे होतो. त्याचा हात माझ्या हाताशेजारी होता... आणि मग शेजारी नव्हता, माझ्या हातात होता. कुणी कुणाचा धरला, देवाला ठाऊक.

"उंट," मामा पुटपुटले. "अरे... उंट राखतोय." मग हत्ती उचलला, ठेवला. राजा उचलला, एक घर मागे ठेवला. तिथेच बोट ठेवून बसले. "या प्याद्याला कधी हात लावायचं सुचलंच नाही. सगळं घर त्यावर उभं आहे, असं वाटायचं मला." आणि एकदम ओरडले, "बघत काय बसलास गाढवा? मशीन आण! तपास!"

गाढवाने माझा हात सोडला आणि धावत मशीन आणलं. सातही सोंगट्या घातल्या. मी डोळे मिटून घेतले.

"एकच वाट," तो म्हणाला. मग मशीन मामांपुढे धरलं. "मामा, राजा मागे. एकच वाट आहे."

मामांनी चष्मा काढला आणि त्याच बाहीने डोळे पुसले. धूळ सगळी कपाळाला लागली. आम्ही तिघंही हसत होतो आणि तिघंही रडत होतो.

"नाव सांगा तुमचं, बाई," मामा म्हणाले. "रचनेखाली घालायचंय. दुरुस्ती ज्याची, त्याचं नाव रचणाऱ्याच्या जोडीला येतं. आमच्यात तसा नियमच आहे."

"अहो, पण मी चुकले होते!"

"चुकली तुमची बोटं. ओळखलं कुणी? पुसून टाकलं असतंत तर मला कळलं असतं का?" आणि वहीचं कोरं पान उघडून ते पेन्सिल शोधायला लागले. "आता जा तुम्ही दोघं. मला एक सुचतंय."

पुस्तक छापून झालं. पन्नास प्रतींचा गठ्ठा न्यायला तो संध्याकाळी आला. गठ्ठा बांधून तयार होता, आणि तो तिथेच उभा. उद्यापासून यायला त्याला काही निमित्त नव्हतं. मला रडू येईल असं वाटायला लागलं आणि म्हणून भयंकर राग आला.

"झालं ना? न्या आता."

"हो. नेतो." त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "मी... म्हणजे मीपण एक रचलीय. पहिलीच. मामांना दाखवली नाही अजून."

मी बघितली. दोन राजे, दोन घोडे, चार प्यादी. नुसता बाजार. "भाचेबुवा, याला दुसरी वाट आहे. हे बघा, घोडा इकडे. आणि ही तिसरी. अहो, काहीही खेळलं तरी जिंकतंय की हे!"

"माहितेय," तो म्हणाला. "ही नीट व्हायला बराच वेळ लागेल. रोज बसावं लागेल कुणाबरोबर तरी. मला तुम्ही... तू... आवडतेस. पहिल्या दिवसापासून. कागद उलटा धरला होतास तेव्हापासून. तू काय म्हणशील मला माहीत नाही, मी तर मशीनलाही विचारू शकत नाही..."

त्याच्या हातातला कागद वाऱ्याने फडफडत होता. मी उठले, भिंतीपाशी गेले आणि पंखा बंद केला.

खोली एकदम शांत झाली. कागद टेबलावर अलगद निजला.

"अगं, शिजशील," तो म्हणाला.

"शिजू दे," मी म्हणाले आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली. "बस. आधी हे दोन घोडे काढ. एवढ्यांची काही गरज नाही."