उताराला न्यूट्रल

माणसाच्या प्रत्येक दुःखाला कारण असतं, आणि कारण एकदा सापडलं की दुःख निम्मं संपतं. हा विचार मी घोडपदेवच्या गॅरेजात, गाडीखालून बाहेर आलेल्या राजरत्नच्या दोन पायांना ऐकवला. पाय म्हणाले, "काका, जरा बाजूला व्हा. उजेड अडवताय."

दुःख असं होतं की आमची गाडी उतारावर चौथा गियर सोडत होती. काटा अडीच लाख किलोमीटरच्या पुढे गेलेला. एवढं चालल्यावर मीही बरंच काही सोडून दिलं असतं. पण सीमाला, माझ्या बायकोला, आठवड्यातून तीनदा परळला डायलिसिसला न्यावं लागतं. परतताना तिला मळमळतं. एका टॅक्सीवाल्याने सीट खराब होईल म्हणून तिला भर रस्त्यात उतरवलं. तेव्हापासून तिचं एकच: "न्याल तर आपल्या गाडीतून. नाहीतर मी येत नाही." येत नाही म्हणजे काय, ते आम्हा दोघांना कळतं. आम्ही त्यावर बोलत नाही. ठाण्याची लेक अनुजा मात्र बोलते. "बाबा, शनिवारपर्यंत गाडी नीट झाली नाही, तर मी येऊन ती भंगारात घालीन. मग आईची समजूत तुम्ही घाला."

गाडी मूळची जयवंतची. आमच्याच मजल्यावरचा, शेजारच्या खोलीतला. गिरणी बंद पडल्यावर तो ड्रायव्हर झाला, पुढे ही गाडी घेतली आणि तिला बायकोपेक्षा जपलं, असं त्याची बायकोच सांगायची. गेल्या वर्षी तो गेला. कौसल्यावहिनींनी गाडी आम्हाला दिली.

राजरत्नचं निदान दर वेळी ठाम असायचं. आधी म्हणाला, इंजिनाचं माउंटिंग बसलंय. ते बदललं. मग गियरच्या दांड्याची जोडणी ढिली निघाली, ती आवळली. मग ऑइल. शेवटी त्याने गियरबॉक्सच खाली उतरवला आणि एकेक दातेरी चाक बोटांनी चाचपून पाहिलं.

"दात कसे आहेत?" मी विचारलं.

"तुमच्यापेक्षा बरे."

सगळं परत चढवून आम्ही दोघं लालबागच्या पुलावर गेलो. दुपारची वेळ, पण आभाळ राखेसारखं. चढावर गाडी शहाण्यासारखी वागली. भायखळ्याकडचा उतार लागला, आणि गाडी चालवणाऱ्या राजरत्नने खाली दांड्याकडे पाहिलं.

गियर उडतो तेव्हा खाडकन उडतो, हाताला झटका बसतो. हा उडाला नाही. दांडा सावकाश पुढे सरकला, मधोमध येऊन थांबला. कुणी अदबीने सरकवावा तसा. इंजिनाचा आवाज खाली बसला आणि गाडी नुसती वाहायला लागली.

राजरत्नने गियर परत टाकला. तो परत सरकला.

"मागची काच कुणी उघडली?" त्याने विचारलं.

मागची डावी काच पूर्ण खाली होती. "तीही आपली आपण येते," मी म्हणालो. "मी म्हटलं, आधी मोठा आजार बघू."

गॅरेजात पोचल्यावर त्याने काचेचं हँडल घट्ट बसवलं. बराच वेळ हात पुसत राहिला.

"काका, गाडीत काही नाही. फिट आहे."

"मग गियर का सुटतो?"

"सुटत नाय. काढतायत." मग स्वतःच्याच बोलण्याचा राग आल्यासारखा म्हणाला, "आणि पुढच्या ट्रायलला मला बोलवू नका."

संध्याकाळी मी कौसल्यावहिनींच्या दारात उभा राहिलो. त्या तांदूळ निवडत होत्या. जयवंतच्या वेळी गाडीला असा काही त्रास होता का, विचारलं. त्या हसल्या.

"त्रास कसलो, भाऊजी? त्यांका उतार दिसलो की हात गियरार. न्यूट्रल! 'फुकटचो उतार हा, पेट्रोल कित्याक जाळूचा?' जन्मभर त्याच एक."

मग ताटातला हात थांबला.

"हॉस्पिटलात नेलव तेव्हा आमचो भाचो राकेश चालवत होतो. हे मागे, माझ्या मांडयेर डोक्या ठेवन. दम लागलेलो, म्हणान काच खाली करूक लावली. पुलावरसून उतरताना म्हणतत काय, 'राकेश, न्यूट्रल कर.' राकेशान केल्यान नाय. पोरगो घाबारलेलो." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "पूल संपाच्या आधीच गेले."

हे मी सीमाला सांगितलं नाही. आजारी माणसाला काय सांगायचं नाही याची आमच्या घरी एक लांबलचक यादी आहे. त्यात एकाची भर.

शनिवारी तिला घेऊन परळहून निघालो. दिवे नुकते लागत होते. ती माझ्या शेजारी, शाल गळ्यापर्यंत, डोळे मिटलेले, हातावर पट्टी. पुलावर चढताना मी मागे वळून पाहिलं. चारही काचा बंद होत्या.

मी ठरवलं होतं. आज गियर सुटू द्यायचा नाही. उद्या अनुजाला फोन करून सांगायचं, गाडी बरी आहे.

उतार आला. मी दांडा डाव्या मुठीत गच्च धरला.

त्याने आधी हलकंच ढोसलं. मी धरून ठेवला. मग जोर वाढला. तो लोखंडाचा जोर नव्हता. मध्येच थकत होता, पुन्हा येत होता.

मागे काचेच्या हँडलची करकर सुरू झाली. मानेवर गार वारा आला.

आणि वाऱ्यात श्वास ऐकू आला. आत ओढताना अडकणारा, बाहेर पडताना शिट्टी वाजवणारा. मी दांडा जितका आवळत होतो तितका तो श्वास तुटत होता.

आरशात पाहण्याची हिंमत झाली नाही.

"सोडा हो," सीमा म्हणाली.

डोळे मिटलेलेच.

"काय सोडू?"

"गियर. त्यांना किती दम लागतोय."

मी मूठ उघडली.

दांडा पुढे सरकला, मधोमध थांबला. इंजिन खाली बसलं. गाडी वाहायला लागली, हलकी, बिनआवाजाची, आणि मागचा श्वास हळूहळू लांब होत गेला, झोपलेल्या माणसाचा असतो तसा.

पूल संपला. भायखळ्याचे दिवे काचेवरून सरकू लागले. गाडी अजून आपल्याच वेगात होती. मी फक्त ब्रेकवर पाय ठेवून बसलो होतो.

सीमाने शाल कानावर ओढली. वळून पाहिलं नाही.

"भाऊजी, काच वर घ्या. गार लागतंय."

हँडल करकरलं. एक फेरा. दुसरा. वारा कमी झाला आणि करकर थांबली.

"अजून थोडी."