चढी बोली

वस्तू: रिव्हॉल्व्हर, जुनं. मुठीला तडा.
अवस्था: चालतं.
विकलं: नव्याच्या किमतीपेक्षा महाग.

"कुणी घेतलं हे?" ड्वाइट म्हणाला. "पत्ता द्या त्याचा. माझी गाडीपण विकतो त्याला."

व्हर्ला ब्रेकन हसली नाही. टॅबलेट मांडीवर धरून ती खासगी तपास करणाऱ्या आयोनी बॅबकॉकच्या ऑफिसात बसली होती. अंगात नवऱ्याचा, डीनचा कोट होता. वसंतात ट्रॅक्टर उलटून डीन गेला, हे मॉन्टानातल्या या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

तक्रार साधी होती. ती ऑनलाइन लिलावात स्वस्त पिस्तूल शोधत होती. बोली लावली की कुणीतरी वर चढायचं. दर वेळी तोच माणूस. साइटवर नाव झाकून नुसता एक क्रमांक दिसायचा, नेहमी तोच. तो कोण, ते तिला हवं होतं.

आयोनीने विचारलं, कधी काही मिळालं का? व्हर्ला म्हणाली, बंदुकीचा एक पट्टा. जुन्या चामड्याचा, नक्षीचा. पुतण्याच्या वाढदिवसासाठी घेतला. त्यावर कुणीच आलं नाही.

"पण हे घेऊ नकाच," ड्वाइट पुढे सरसावला. तो आयोनीचा मामेभाऊ. गाडी चालवायचा आणि उरलेला वेळ लिलावांवर डोळा ठेवायचा. "मूठ तडकलीये. थोडं थांबलात तर याच पैशात चांगलं मिळेल."

"चालेल मला," व्हर्ला म्हणाली. "काहीही चालेल."

अवस्था, पुन्हा

गाडीत ड्वाइट बराच वेळ त्या तडकलेल्या मुठीवर बोलत राहिला.

"ड्वाइट," आयोनी म्हणाली, "ती ते स्वतःवर चालवणार आहे."

ड्वाइटने गाडी कडेला घेतली. मग आपण हे काम घेतलंच का, असं त्याने विचारलं.

"मला जे दिसलं ते आणखी कुणालातरी दिसलंय. मला तो माणूस हवाय. एकटीने हे जमणार नाही."

पाहणी

रॉइस ब्रेकन, दीर. गोठ्यात भेटला. अंत्यविधीच्या दिवशीच त्याने डीनच्या सगळ्या बंदुका स्वतःच्या घरी नेल्या होत्या. इथे माणूस गेला की भाऊ बंदुका घेऊन जातो, साफ करायला म्हणून. का, ते कुणी विचारत नाही, आणि परत द्यायची घाईही कुणाला नसते. वहिनी नवीन शोधतेय हे ऐकून तो गव्हाणीच्या कडेवर बसलाच. लिलावाचं त्याला काही कळत नव्हतं. फोनसुद्धा जुना, बटणांचा.

"मी काय करू?" एवढंच त्याने विचारलं.

"फोन जवळ ठेव," आयोनी म्हणाली.

कर्ट वुकोविच, व्हर्लाचा शेजारी. साइटवर दिवसभर पडीक. बैठकीच्या भिंतीवर बंदुका कमी आणि पट्टे जास्त, सगळे जुने, चामड्याचे, नक्षीचे. पट्टा दिसला की सोडवत नाही, असं तो स्वतःच म्हणाला. तडकलेल्या रिव्हॉल्व्हरचा लिलाव त्याने पाहिला होता.

"फुकट दिलं तरी घेणार नाही मी ते," तो म्हणाला. "ज्याने घेतलं त्याला एकतर डोळे नाहीत, नाहीतर बायको नाही."

ऑर्व्हिल स्ट्रँडचं दुकान पुलापाशी. पुढे गळ आणि गांडुळांचे डबे, मागे बंदुका. ते आत शिरले तेव्हा म्हातारा फोनवर होता. कुठली कंपनी, लांब की आखूड, बरं, माझ्या पत्त्यावर मागव, लाव बोली. ऑनलाइन घेतलेली बंदूक घरी येत नाही. ती परवानेवाल्या दुकानात येते आणि सरकारी पडताळणी झाल्यावरच हातात पडते. म्हणून बोली लावण्याआधी दुकानदाराला विचारून घ्यायची रीत आहे.

व्हर्लाने विचारलं होतं का? हो, म्हणाला, नेहमी विचारते. शिस्तीची पोरगी.

"कुणाला नाही म्हणता कधी?" आयोनीने विचारलं.

"नाही म्हटलं की माणूस खिंड ओलांडून जातो. तिकडच्या दुकानांत त्याला कोण ओळखतंय?"

ड्वाइट तोवर काउंटरवर ओणवा झाला होता. खालच्या फळीवर फडक्याखाली बरीच पिस्तुलं होती, एकाचा एकाला मेळ नाही. त्याने भाव विचारला.

"विकायची नाहीत," ऑर्व्हिल म्हणाला आणि फडकं नीट केलं.

बाहेर आल्यावर ड्वाइट कुरकुरला, विकायचं नाही तर दुकान कशाला उघडायचं? आयोनीने खिशातून फोन काढला आणि रॉइसला लावला.

उलगडा

दुसऱ्या दिवशी दुपारी आयोनीने व्हर्लाला ऑर्व्हिलच्या दुकानात बोलावलं. बाहेर रॉइस गाडी चालू ठेवून बसला होता. म्हाताऱ्याने दारावरची पाटी 'बंद'वर उलटवली आणि कडी लावली.

"तुझ्यावर चढणारा माणूस हावरा नाही," आयोनी म्हणाली. "हावऱ्याला स्वस्त हवं असतं. हा नव्याहून जास्त पैसे मोजतो आणि तडकलेलं घेतो. त्याला वस्तू नकोच आहे. ती तुझ्या हातात पडू नये, एवढंच हवंय."

व्हर्ला ऐकत होती. निदान तिचं तोंड तिकडे होतं.

"तू कशावर बोली लावणार ते त्याला कसं कळतं? तू एकटी राहतेस, टॅबलेट तुझा. कर्टला कळत असतं, तर तो पट्टा त्याने सोडला नसता. रॉइसला लिलाव कशाशी खातात तेही ठाऊक नाही. आता पट्टाच बघ. पिस्तुलं सगळी गेली, पट्टा तेवढा तुला मिळाला. का?"

"तो थेट घरी येतो," ड्वाइट हळूच म्हणाला. त्याला आत्ताच उमगलं होतं. "पट्ट्यासाठी दुकानदाराला कुणी विचारत नाही."

"पिस्तुलासाठी विचारतात. आणि हा नाही म्हणू शकत नव्हता. नाही म्हटलं असतं तर तू खिंड ओलांडली असतीस. म्हणून तो हो म्हणायचा, फोन ठेवायचा आणि तुझ्यावर बोली लावायचा. विकत घेतलेलं सगळं त्या फडक्याखाली आहे."

ऑर्व्हिलने फडकं काढलं नाही. तो व्हर्लाकडे बघत राहिला.

"माझ्याकडे येणारा माणूस शंभर प्रश्न विचारतो, पोरी," तो म्हणाला. "वजन किती, धक्का किती, जुना मालक कोण. तू एकच विचारायचीस. कधी येईल?"

कोपऱ्यातला फ्रीज घुरघुरत होता.

"बायकोला वाटतंय मी बाहेर कुणी ठेवलीय," ऑर्व्हिल पुढे म्हणाला. "पैसे जातात कुठे, म्हणते."



"व्हर्ला," आयोनी म्हणाली, "मरायचंय का तुला?"

व्हर्लाने टॅबलेट छातीशी धरला.

"मरायचं असंही नाही," ती म्हणाली. "मला काहीच वाटत नाही, आयोनी. रडूसुद्धा येत नाही. पाण्याखाली बसल्यासारखं आहे. वरून कुणीतरी बोलत असतं."

"नाव विचारलंस, ते मी सांगितलं. आता खिंडीपलीकडे जायला तुला कुणी अडवणार नाही. रॉइस बाहेर आहे. दवाखान्यात डॉक्टर थांबल्यात, मी बोलून ठेवलंय. ओढून नेणार नाही."

व्हर्लाने टॅबलेट उघडला आणि काउंटरवर ठेवला.

"एका पिस्तुलाचं तुम्हाला सांगितलं नव्हतं, ऑर्व्हिल," ती म्हणाली. "पलीकडच्या दुकानाचा पत्ता दिलाय. थोड्या वेळात लिलाव बंद होतोय. सगळ्यांत वर मीच आहे."

म्हातारा चष्मा शोधू लागला. आधी खिशात, मग गल्ल्यात.

ड्वाइटने स्वतःचा फोन काढला. जन्मात कधी बाजारभावाच्या वर पैसा न दिलेल्या त्या माणसाने ते पिस्तूल शोधलं, आकडा टाकला, आयोनीकडे एकदा पाहिलं, आकड्यात आणखी भर घातली आणि बटण दाबलं.

काउंटरवरचा टॅबलेट वाजला. व्हर्लाने वाचलं. तुमच्यापेक्षा वरची बोली आली आहे. पुन्हा बोली लावायची आहे का?

ती वाट बघत बसली. बाकीचेही थांबले. लिलाव बंद झाला.

तिने कोटाची बटणं लावली आणि दाराशी जाऊन कडी काढली.

"ड्वाइट," ती न वळता म्हणाली, "त्या पिस्तुलाचा घोडा ढिला आहे. फोटोतसुद्धा दिसतंय. फसलास."

बाहेर रॉइसने गाडीचं दार आतून उघडून धरलं होतं.