लगद्यात गेलेल्या अकरा कथा

परत आलेली कथा घरात ठेवायची नाही, असा निश्चय वृंदाताईंनी वैशाखातच केला होता. म्हणून श्रावणातल्या त्या दुपारी, सकाळच्या टपालाने 'साभार परत' आलेली बारावी कथा पिशवीत घालून, त्या पेणहून जोहे गावाच्या एसटीत बसल्या. टाचण्या आधीच काढल्या होत्या. लगद्यात टाचणी जाणे त्यांना खपले नसते.

ठमाबाईच्या कारखान्यात कागदाच्या लगद्याचे गणपती घडत. आधीच्या अकरा कथा त्यांतच कामी आल्या होत्या. मूर्ती फळ्यांवर वाळत होत्या. पांढऱ्या, अजून डोळे न आखलेल्या.

"ही शेवटची. यापुढे लेखन बंद," वृंदाताईंनी जाहीर केले.

"बंद? मंग दिवसभर करशाल काय, बाई? सुनेच्या चुका काढशाल?" ठमाबाई हसली. "बसा. चहा आनते, मंग भिजवू."

ती गेली आणि वीजही गेली. पंखे थांबले. आभाळ भरून आल्याने शेडमध्ये अंधारले. ओल्या कागदाचा आणि खळीचा वास दाटला. मग फळ्यांवरून पाने उलटल्यासारखी सळसळ झाली...

"मग?"

आवाज बारीक होता. एकाच वेळी पुष्कळ ठिकाणांहून आला.

"कोण आहे?" वृंदाताईंनी शिक्षिकेच्या जुन्या सवयीने, वर्गात विचारावे तसे विचारले.

"मग... पुढे?"

पळावे, तर दार मूर्तींच्या पलीकडे. अखेर त्यांनी चष्मा पुसला आणि हातातली कथा वाचायला घेतली. नदीच्या वर्णनापाशी फळ्यांवर कंटाळलेली चुळबुळ झाली. त्यांनी निमूटपणे पेन्सिलीने दीड पान छाटले. विनोदापाशी खुदखुद उमटली, तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला आणि ओठांवर हसूही. शेवट वाचून झाला.

"नाही पटला..."

"संपादकांचेही हेच मत!" वृंदाताई उसळल्या. पण संपादक मत कळवून मोकळे झाले होते. इथे कोणीतरी वाट पाहत होते. त्यांनी पान उलटले, मागच्या कोऱ्या बाजूवर नवा शेवट लिहिला आणि मोठ्याने वाचला. फळ्यांवरून एक तृप्त उसासा आला, अन् दिवे लागले.

ठमाबाई चहाचे पेले धरून उंबऱ्याबाहेरच थिजली होती.

"कागद भिजवायचे नाहीत," वृंदाताई प्रसन्नपणे म्हणाल्या. "उद्या ही पुन्हा धाडते. मग तेरावी."

"तेरावी ऐकली मी," ठमाबाई पुटपुटली.

"अहो, ती अजून सुचलीही नाही!"

"तुमी मान खाली घालून लिवत व्हतात ना... तवा तुमचाच आवाज वाचत व्हता, बाई. आन् तोंड तुमचा मिटलेला."

वृंदाताईंनी पिशवीतून कोरा कागद काढला.

"सांगा. सावकाश, पहिल्या वाक्यापासून."

"सांगते. तुमचीच गोस्ट हाय, बाई." ठमाबाईने चोरून फळ्यांकडे पाहिले. "पन शेवट नाय सांगायची. तितं तो आवाज थांबला नि मलाच बोलला, तुमच्यावानी, शुद्ध... 'ठमाबाई, शेवट तिला सांगू नका. तो तिला स्वतः पाहायचा आहे.'"