शेजारची सीट

दिवा बंदच राहू दे. आणि तू, तो मोबाइल खाली ठेव, नाहीतर मी सरळ झोपायला जातो.

हे माझ्या ओळखीतल्या माणसाचं आहे. आमच्या गल्लीत चष्म्यांचं दुकान आहे ना, त्याचं. सगळे त्याला चष्मेवालाच म्हणतात. माणूस वाईट नाही, पण हट्टी. मी म्हणेन ती पूर्व दिशा. त्याने एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली. लाल, बुटकी, दोनच सीटची. आत शिरायचं तर अंगाची घडी करावी लागते. लोक अशी गाडी झाकून ठेवतात आणि रविवारी पुसतात. याला ती रोज हवी होती. दुकानात जायला, भाजी आणायला, बायकोला हॉस्पिटलात सोडायला. वहिनी नर्स आहेत. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ते मोल नेहमी घरातलं दुसरंच कुणीतरी चुकवतं.

गाडी एका वारलेल्या वकिलाची. किल्ली देताना त्याचा मुलगा म्हणाला, "शेजारच्या सीटची पाठ पुढे दुमडून पट्ट्याने बांधलीय. ती तशीच असू द्या. बाबांनी कधीच सोडली नाही."

"का बुवा?"

"खडखडते म्हणायचे."

चष्मेवाल्याने घरी पोचायच्या आधीच पट्टा सोडला. दोन सीटच्या गाडीत एक बांधून ठेवली तर बायकोला काय टपावर बसवायचं? त्याचंही बरोबरच होतं म्हणा.

पहिल्याच आठवड्यात वहिनी म्हणाल्या, "अहो, पाठीत काहीतरी रुततंय. मागून कुणी गुडघे टेकवल्यासारखं."

"स्प्रिंग असेल."

गाडी माझ्याकडे आली. गाड्यांच्या सीटा शिवण्यात माझा जन्म गेला. मी ती सीट उसवली, स्प्रिंगा तपासल्या, नवा फोम भरला, खाली नवं कार्पेट घातलं. सीटमध्ये काहीही नव्हतं. मागे वीतभर फट, आणि लगेच पत्रा. तिथे मांजर बसणार नाही, माणूस कुठला? तसं मी त्याला सांगितलं.

"मग तिचीच बसायची पद्धत चुकतेय," तो म्हणाला.

जुनी गाडी रोज चालवणाऱ्यांना ही एक वाईट खोड लागते. काही वाजलं, काही हललं, की म्हणायचं, वय झालंय तिचं, चालायचंच. आज हा आवाज, उद्या तो, उत्तर मात्र एकच. मग कान मरतात. वहिनी बोलायला लागल्या की हा रेडिओ मोठा करायचा.

"तुला माझी गाडीच बघवत नाही," तो एकदा म्हणाला.

"गाडीचं काही नाही हो. मला तो मागचा बघवत नाही."



नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. वहिनींची पाळी रात्री अकराला सुटली. हा आणायला गेला, रोजच्यासारखा. येताना टेकडीचा रस्ता लागतो. पाण्याच्या टाकीपाशी चांगलाच चढ आहे. खांबावरचे दिवे गेले होते.

चढ लागला तशा वहिनी म्हणाल्या, "अहो, थांबवा."

"इथे नाही." त्या गाडीची एक गंमत होती. चढावर थांबवली की बंद पडायची, आणि तापलेली असताना बंद पडली की अर्धा तास ढिम्म. पेट्रोल नळीतच उकळायचं. म्हणून हा थांबेना.

कट.

खालून आवाज झाला आणि वहिनींची सीट एक खाच पुढे सरकली.

"खटका नीट बसला नसेल," तो म्हणाला.

कट.

त्यांचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. "अहो... तो ढकलतोय."

"जुनी गाडी आहे. चालायचंच..."

कट.

आता वहिनी बोलेनात. आणि मग त्याच्या डोक्यात आलं. हा चढ आहे. चढावर सैल सीट मागे जाते.

पुढे नाही.

त्याने वळून पाहिलं. वहिनींची छाती डॅशबोर्डवर दाबली गेलेली. तोंड उघडं. आवाज नाही...

त्याने ब्रेक मारला. इंजिन बंद पडलं. सगळं शांत.

कट...

तो धावत पलीकडे गेला. दार उघडलं. बेल्ट सोडला. ओढलं. निघेनात. पुन्हा ओढलं. आत कुणीतरी श्वास घेत होतं. वहिनींना तर श्वासच येत नव्हता. त्याने स्वतःचा रोखून पाहिला.

आवाज चालूच.

शेवटी त्या सुटल्या. दोघं रस्त्यावर पडली. मग रिकाम्या सीटची पाठ आपोआप पुढे झुकली... सावकाश... आणि आडवी झाली. आतून एक लांब सुस्कारा आला. दिवसभर अवघडलेल्या माणसाने पाय मोकळे सोडावेत, तसा.

वहिनींच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. मी बघायला गेलो तेव्हा त्या छताकडे बघत म्हणाल्या, "भावोजी, वकील सीट बांधून ठेवत नव्हता. मागच्याला जागा करून देत होता." मग नवऱ्याकडे वळल्या. "ती गाडी विका. तोवर मी घरात पाऊल टाकणार नाही." तिथूनच त्या बहिणीकडे गेल्या.

गाढवाने विकली नाही. माझ्याकडून ती सीटच काढून घेतली. म्हणाला, "घे म्हणावं, आता ऐसपैस जागा." बायको परत येण्याची वाट बघतोय, आणि गाडी रोज चालवतोय. मला त्याचा असा राग येतो ना.

गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगनंतर गाडी दाखवायला आला. सीट काढली तेव्हा मी तिथे पुन्हा कोरं कार्पेट घातलं होतं. त्यावर कुणी पाय ठेवला नव्हता. तरी दोन ठिकाणी पार दोरे निघालेले. शेजारी शेजारी. टाचा मागच्या पत्र्याला, चवडे पुढे.

"चालायचंच," तो म्हणाला. पण हसला नाही. मी कार्पेट बदलून दिलं.

काल पुन्हा आला. पुन्हा तसेच दोन झिजलेले ठसे. पण या वेळी चवडे पुढे नव्हते. चालवणाऱ्याकडे वळलेले होते.

मी म्हटलं, अरे, ती इथेच सोड आणि चालत जा. तो आत बसला. जाताना मी पाहिलं, त्याची सीट पार पुढे होती, छाती स्टिअरिंगला टेकलेली.

मी विचारलं, "सीट पुढे का घेतलीस?"

तो म्हणाला, "मी नाही घेतली."