दुसऱ्या ठिकाणची नोंद

मी मुसळ वर उचललं आणि दारातून कोणीतरी ओरडलं, "थांबा! हात तसाच राहू द्या!"

दारात एक तरुण उभा होता. सदरा इस्त्रीचा, पण बोटं काळीशार, अन् नाकावर काजळीचा ठिपका. मला हसू आवरेना.

"थांबून कसं चालंल? भाजलेलं भात गरम हाय तवरच कांडायचं. गार झालं की पोहं न्हाईत, नुसता भुगा."

माझं मुसळ उखळात आदळलं, पाठोपाठ आत्याचं. तो मटकन उंबऱ्यावर बसला.

"म्हणजे... हाच माझा भूकंप!"

ही चाकणची गोष्ट, चोपन्न सालच्या दिवाळीच्या तोंडची. आमच्या परसामागच्या खडकावर भूकंप नोंदायची एक दगडी खोली नुकतीच बांधली होती. दारातला तो तरुण, सयाजी, तिथला निरीक्षक. काजळी धरलेला कागद एका नळकांड्यावर गुंडाळलेला असे. नळकांडं संथ फिरे आणि सुई त्यावर पांढरी रेघ ओढी. जमीन हलली की रेघ थरथरे. अशाच आणखी दोन खोल्या घाटमाथ्यावर आणि जुन्नरकडे होत्या. सयाजींनी भूकंपाची तार पुण्याला केली, तर त्या दोन्हीकडच्या रेघा सरळ! वरिष्ठ खूप हसले म्हणे.

"तुमच्या एकट्याच्या कागदावर उमटलं, तर ते खोटं व्हय?"

"खोटं नाही... पण धरत नाहीत. निदान दुसऱ्या ठिकाणी नोंद व्हावी लागते."

मग ते रोजच येऊ लागले. कारण म्हणे, कांडपाची वेळ विचारायची.

"काल कोणावर चिडला होतात? रेघ भलतीच उंच गेली."

"आत्यावर. अन् परवा?"

"परवा मधेच थांबलात. का?"

परवा ते कुंपणापलीकडून चालले होते... हे मी कशाला सांगू?

आता महाळुंग्याकडचे कारखाने जमीन हलवतात, माझ्या कपबशा किणकिणतात. तेव्हा आमच्या दोन मुसळांचा केवढा बोभाटा झाला! पुण्याहून हुकूम आला – कांडप बंद करा, नाहीतर खोली हलवा.

"बंद?" आत्या कडाडली. "दिवाळीचं कांडप सोडून आमी खायचं काय, दगड?"

तिचं खरंच होतं. आम्हा दोघींचं वर्ष त्या उखळावर निघायचं. पण मुसळ चालू राहिलं तर सयाजी जाणार, हेही खरंच. त्या दिवसांत माझं मुसळ आपोआप हळू पडायचं.

एके सकाळी ते आले. आत्या कढईतून भात उखळात ओतत होती.

"खोली हलवा, असं कळवलंय मी. चऱ्होलीच्या पुढे चांगला खडक आहे."

"मग... तुमी?"

"खोलीबरोबर."

आत्यानं मुसळ उचललं. मी मात्र नुसतीच उभी. सयाजी आपल्या काळ्या बोटांकडे बघत म्हणाले, "जाण्याआधी एक विचारायचं होतं. इकडे एक थरथर आहे. कांडप नसतं तेव्हाही असते. पण एकाच ठिकाणची नोंद... धरत नाहीत ना."

उखळातून भाजक्या भाताची ऊब चेहऱ्यावर येत होती.

"इंदे, भात गार हुतंय!" आत्या ओरडली.

मी मुसळ घट्ट धरलं. वर बघायचा धीर होईना.

"इकडंबी उमटलंय," मी म्हटलं. "पयल्या दिसापासनं."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. आजवर कढईतलं भात उखळात पडल्यावर तिचा हात थांबलेला मी पाहिला नव्हता. तिनं मुसळ भिंतीला टेकवलं.

"हू दे आज भुगा," ती म्हणाली. "बसा, जावईबापू."

मग गार भात कांडून-पाखडून निघालेल्या भुग्यात गूळ घालून तिनं लगेच लाडू वळले. सयाजींनी लाडू घेतला खरा, पण खाईनात. नुसते माझ्याकडे बघत राहिले... आणि त्या फिकट लाडवावर त्यांची काळी बोटं उमटत गेली.