तिरपा ओरखडा

डोंगरकडा गावात मळणीचं थ्रेशर चालवणारा पुष्कर त्याचा तुटका शाफ्ट काखेत मारून हिंगोलीच्या पॉलिटेक्निकात आला, त्या दिवशी खरं तर तिथं धातूंची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या जाईची रजा होती. तिथं विसरलेला डबा न्यायला म्हणून ती आली, अन् सापडली.

"म्याडम, दरसाल एकाच जागी तुटून राहिला. काहून, तेवढं सांगा."

शाफ्टची रुपयाएवढी चकती कापून जाईनं त्याच्याच हातात दिली. धातूच्या पोटातलं दिसायचं तर आधी चकतीचं तोंड आरशासारखं व्हावं लागतं. पाच पॉलिश पेपर, खरखरीतपासून मऊपर्यंत. वर नळाची धार.

"एका कागदावर उभं घासायचं, पुढच्यावर आडवं. मागचे ओरखडे गेले की मगच पुढं."

"अन् न्हाई गेले तर?"

"तर परत मागच्या कागदावर."

हे शेवटचं वाक्य पुष्करनं फारच मनावर घेतलं. दर गुरुवारी तो घासायला येऊ लागला. चार गुरुवार झाले, ओरखडे जाता जाईनात. अख्खं थ्रेशर उघडून जोडणाऱ्या हातांना एवढं जमू नये, हे जाईला पटत नव्हतं. पण न पटलेलं सगळं बोलून दाखवायला ती काही वकील नव्हती. बुधवारी रात्री केस मात्र न चुकता धुवायला लागली होती.

"पोरा, घासून घासून सुई होईल तिची," शिपाई रतनसिंगमामा म्हणाले.

"होऊ द्या की मामा. शिवायला कामी येईल."

पाचव्या गुरुवारी मात्र तो मान खाली घालून घासत राहिला. थट्टा नाही, बोलणं नाही... नुसती नळाची धार. चकती लख्ख झाली.

"झालं, म्याडम. सोयाबीन मळणीला आली, आता मशीन सोडून येणं व्हायचं न्हाई. रिपोर्ट फोनवर धाडा."

चकतीत जाईचा एकच डोळा मावला. दुसऱ्यानं तिनं त्याची भिजलेली, काळी बोटं पाहून घेतली. मग ती पाठमोरी झाली. चकतीवर खरखरीत कागदाचा कोपरा... एकदाच, हळूच.

"एक ओरखडा राहिलाय."

पुष्करनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तो बराच वेळ काढलाच नाही.

"मी उभं घासलं... आडवं घासलं. हा तर तिरपा हाय, म्याडम. माझा न्हाई हा."

नळ टपटपत होता.

"माझा आहे," जाई म्हणाली.

त्यानं मान वर केली. "मग... आता?"

"नियम पहिल्याच दिवशी सांगितलाय."

त्यानं पाचही कागद पुन्हा ओळीनं मांडले, खरखरीत आधी.

"गुरुवारी मशीनला सुट्टी, जाई."

'म्याडम'चा आता ओरखडाही उरला नव्हता.