एकट्यापुरतं घर

पटो न पटो, पण हे घडलेलं आहे. वडिलांकडून ऐकलंय, आणि त्या माणसाला थाप मारणं कधी जमलंच नाही.

निजामाचं राज्य. गाव दिंद्रुड. मानमोडीच्या साथीनंतरची पहिली दिवाळी संपली होती.

वडिलांचे मामा शिवशरण. किराण्याचं दुकान. साथीत दानम्मा मामी गेल्या. मूलबाळ नाही. भाड्याचं घर मामांना खायला उठायचं.

म्हणून स्वतःचं घ्यायचं ठरलं. गावातल्या धुळाजीची दोन घरं विकायची होती. एक तीन खणांचं, दुसरं एकाच खणाचं.

"दादा, मोठं घ्या की," बहीण गंगासागर म्हणाली. "आमी लेकरं घिऊन आलो तर?"

"तुमी चार दिस ऱ्हाताल न् जाताल. मग रिकाम्या खणांकडं बघत बसू का मी?"

मामांना रिकामी जागाच नको होती.

दिवेलागणीला ते एकटेच लहान घर बघायला गेले. कोनाड्यात दिवा ठेवला. अंगठ्याला टाच लावत उंबऱ्यापासून भिंतीपर्यंत फरशी मोजली. एक चूल, एक अंथरूण. झालं.

त्यांना बरं वाटलं. ते वळले, आणि...

टक्.

उंबऱ्यापाशी.

टक्... टक्...

फरशीवर जोडवं वाजावं तसं.

कुणीतरी पावलाला पाऊल लावून जमीन मोजत होतं. दिसत मात्र कुणीच नव्हतं.

आम्ही लिंगायत. आमच्यात मयताला बसवून पुरतात, आणि खड्डा मयताच्याच पावलांच्या मापानं खणतात. मामींचं माप मामांनीच घेतलं होतं. सवाष्ण गेलेल्या, जोडवी पायातच होती.

आवाज मामांच्या अंगाजवळून गेला. भिंतीशी थांबला.

मग अगदी कानाशी...

"एकट्यापुरतंच हाय वो."

मामा भ्याले नाहीत. "दानम्मा, थांब गं," म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले.



दुसऱ्याच दिवशी त्यांनी तीन खणांचं घर घेतलं. रोज दिवेलागणीला आतल्या खणात दोन पाट मांडून कान देऊन बसायचे. गावानं वेड्यात काढलं.

त्या घरात जोडवं कधीच वाजलं नाही.

बऱ्याच वर्षांनी मामा गेले. त्यांच्या पावलांचं माप वडिलांनी दोरीनं घेतलं. खड्डा होईतो अंधारलं, म्हणून पुरायचं सकाळवर ठेवलं.

सकाळी जाऊन बघतात तर...

खड्डा रुंद झाला होता. दोघं मांडीला मांडी लावून बसतील एवढा. काठावर जास्तीची माती नव्हती.

मामांना एका बाजूला बसवलं. दुसऱ्या बाजूला माती लोटायला कुणाचा हात उचलेना.

मामांचं ते घर आता माझ्याकडे आहे. मीही एकटाच. विकून लहानसं घ्यावं म्हणतो. एक बघूनही आलो.

पण पावलांनी मोजायचा धीर झाला नाही...